उकिडवे बसताना टाच का उचलते?

कुणी पाऊल सपाट ठेवून खुशाल उकिडवे बसतो, कुणाची टाच अर्ध्या वाटेतच उचलते, तर कुणी सरळ मागे कोलमडतो. बोल लावला जातो गुडघ्याला. पण निरोगी गुडघा पुरेसा दुमडतोच. अडते ते बहुधा त्याच्या खाली घोट्यात किंवा वर खुब्यात.

मुळात हा तोलाचा हिशेब आहे. खाली बसताना कुल्ले मागे जातात, त्यामुळे तोल पावलांवर राखायला गुडघे पुढे यावे लागतात. म्हणजेच नडगी पावलावर झुकायला हवी. पाय अधांतरी धरून पाऊल वर ओढले तर घोट्यात साधारण 20 अंश मिळतात, अंगाचा भार आल्यावर 35 ते 40. पूर्ण बैठकीला यातले जवळजवळ सगळे खर्ची पडतात.

घोट्यात नडगीचे जाड हाड आणि बाहेरचे बारीक हाड मिळून एक खाच होते आणि तिच्यात टॅलस नावाचे हाड बसते. या टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो. त्याचा माथा पुढे रुंद, मागे अरुंद. नडगी झुकली की रुंद बाजू पाचरीसारखी खाचेत जाते आणि सांधा घट्ट होतो. उलट चवड्यावर असताना अरुंद बाजू खाचेत येते, सांधा सैल पडतो. घोटा बहुतेकदा मुरगळतो तो अशा वेळी.

पिढ्यान्‌पिढ्या उकिडवे बसणाऱ्या समाजांत नडगीच्या खालच्या पुढल्या कडेवर आणि टॅलसच्या मानेवर छोटे गुळगुळीत पृष्ठभाग दिसतात. उत्खननातल्या सांगाड्यांवरून बसण्याची सवय ताडता येते ती यामुळेच.

घोटा तपासायला भिंत पुरते. अंगठा भिंतीपासून 10 सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला नाही तर ताण कुठे येतो ते पाहा. पोटरीत येत असेल तर स्नायू आखडलेला आहे. घोट्याच्या पुढे चिमटा बसत असेल तर अडचण सांध्यातच आहे, तिथे नुसते ताणून भागत नाही.

पोटरी ताणताना सगळे गुडघा सरळ ठेवतात. त्याने वरचा, गुडघा ओलांडून जाणारा स्नायू ताणला जातो. बैठकीत गुडघा दुमडल्यावर तो तसाही सैलच पडतो. अडवतो तो त्याखालचा सोलियस. म्हणून गुडघा वाकवून, टाच टेकलेली ठेवून ताणा, दर वेळी 30 सेकंद.

खुब्यात मांडी पोटाकडे सुमारे 120 अंश येते. त्यापुढे कटी, म्हणजे ओटीपोटाभोवतीचा हाडांचा सांगाडा, खालून आत वळते आणि कंबर गोल होते. हातात काही नसताना याचे फारसे बिघडत नाही, खांद्यावर जड बारबेल असताना मात्र कंबरेवर ताण येतो. पावले 15 ते 30 अंश बाहेर वळवली आणि गुडघे त्याच दिशेला नेले, तर मांडीच्या हाडाची मान उखळीच्या कडेला लवकर अडत नाही. उखळीची खोली आणि या मानेचा पीळ माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे 'पाय जुळवूनच बसा' हा सरसकट आग्रह चुकीचा. जांघेत चिमटा बसला तर पाय फाकवा.

दोष नक्की कोणाचा हे ठरवायला टाचेखाली 2 सेंटिमीटरची फळी घाला. बैठक लगेच सुधारली तर घोटा आखडलेला, काहीच फरक पडला नाही तर खुब्याकडे पाहा. खुबा बदललेल्यांनी मात्र यातले काहीही सर्जनला विचारल्याशिवाय करू नये. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे खुबा 90 अंशांपलीकडे वाकवायला सहसा मनाई असते, कारण नवा सांधा उखळीतून निसटू शकतो.