‘स्वयम’वरचा मोफत कोर्स पदवीच्या क्रेडिटमध्ये कसा धरला जातो: पात्रता, अर्ज, कागदपत्रे

‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर शिकायला पैसे लागत नाहीत. व्हिडिओ, वाचायची टिपणे, दर आठवड्याचा स्वाध्याय आणि शंका विचारायची जागा, हे चारही भाग मोफत आहेत. पैसे लागतात ते फक्त शेवटच्या परीक्षेला, तेही प्रमाणपत्र हवे असेल तरच. मात्र तोच कोर्स पदवीच्या गुणपत्रिकेत क्रेडिट (विद्यापीठाच्या कागदांत ‘श्रेयांक’) म्हणून उतरवायचा असेल, तर सुरुवात पोर्टलवरून करू नका. सुरुवात कॉलेजच्या परीक्षा विभागातून करा. कोर्स पूर्ण केला, परीक्षा पास झालो आणि मग कळले की हा कोर्स विद्यापीठाच्या मंजूर यादीतच नव्हता, ही या प्रक्रियेतली सर्वांत महागात पडणारी चूक. त्यात पूर्ण सत्र जाते.

नियम काय सांगतो

‘स्वयम’ची सुरुवात जुलै २०१७ मध्ये झाली. त्याआधीच, २०१६ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने क्रेडिट हस्तांतराचे विनियम काढले होते. त्यात एका सत्रातल्या विषयांपैकी २० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून घेण्याची मुभा होती. २०२१ च्या विनियमांनी ती मर्यादा ४० टक्के केली. म्हणजे सत्रात पाच विषय असतील, तर जास्तीत जास्त दोन.

४० टक्के ही वरची मर्यादा आहे, हे नीट लक्षात घ्या. तुमच्या विद्यापीठाने एकाच विषयाला परवानगी दिली असेल, तर तुमच्यासाठी मर्यादा एका विषयाचीच. कोणते कोर्स चालतील हे विद्यापीठाची विद्या परिषद ठरवते. ज्या विषयाला शिकवणारे शिक्षक नाहीत, ज्या ऐच्छिक विषयाची सोय कॉलेजात नाही किंवा जो कोर्स चालू अभ्यासक्रमाला पूरक ठरतो, अशा विषयांसाठी ही वाट मुख्यतः ठेवलेली आहे. तुमच्या अभ्यासक्रमात आधीच असलेला मजकूर पुन्हा ‘स्वयम’वरून घेऊन दुहेरी क्रेडिट मिळत नाही.

कोर्सला नाव नोंदवायला वयाची किंवा आधीच्या शिक्षणाची अट सहसा नसते. दहावी झालेला मुलगा, नोकरी करणारी बाई, निवृत्त शिक्षक, कोणीही शिकू शकते. पायथन शिकण्याआधी प्रोग्रॅमिंगची तोंडओळख हवी, अशी सूचना कोर्सच्या पानावर असते. तो सल्ला समजावा. क्रेडिटसाठी मात्र तुम्ही मान्यताप्राप्त संस्थेत त्या सत्रात प्रवेश घेतलेले विद्यार्थी असायला हवे.

आधी कॉलेजात: कोणाला भेटायचे, काय विचारायचे

‘स्वयम’वरचे बरेच कोर्स, मुख्यतः अभियांत्रिकीचे, एनपीटीईएल हा आयआयटी आणि आयआयएससी यांचा कार्यक्रम चालवतो. ज्या कॉलेजांत एनपीटीईएलचे ‘लोकल चॅप्टर’ (कॉलेजातली शाखा) आहे, तिथे एका प्राध्यापकांकडे हे काम दिलेले असते. त्यांना ‘एसपीओसी’, बोलताना ‘स्पॉक’ म्हणतात. चॅप्टर नसेल, तर विभागप्रमुख किंवा ‘स्वयम’चे समन्वयक. त्यांना चार गोष्टी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या किंवा निदान ईमेलवर मागा.

या सत्राची मंजूर कोर्सची यादी निघाली आहे का? माझ्या कोणत्या विषयाच्या जागी हा कोर्स धरला जाईल? क्रेडिट किती मिळतील? प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत जमा करायचे?

तिसरा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण गाडी तिथेच अडते. एनपीटीईएलच्या कोर्सला साधारणपणे ४ आठवड्यांना १, ८ आठवड्यांना २ आणि १२ आठवड्यांना ३ क्रेडिट धरतात. तुमचा मूळ विषय ४ क्रेडिटचा असेल आणि त्याच्या जागी तुम्ही १२ आठवड्यांचा कोर्स घेतला, तर एक क्रेडिट कमी पडते. ते कसे भरून काढायचे याची तरतूद काही ठिकाणी असते, काही ठिकाणी नसते. नोंदणीनंतर ही शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

चौथ्या प्रश्नामागे वेळेचा हिशोब आहे. कोर्स जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत चालतात. जुलैत सुरू झालेल्या १२ आठवड्यांच्या कोर्सची परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते आणि निकालाला पुढे काही आठवडे लागतात. तुमच्या विद्यापीठाची गुण भरण्याची मुदत त्याआधी संपत असेल, तर ८ आठवड्यांचा कोर्स निवडणे शहाणपणाचे. शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांनी तर हे तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये, कारण एका विषयाचा निकाल राखीव राहिला तरी पदवी अडते.

नोंदणी: ईमेल आणि नाव

खाते उघडताना जो ईमेल द्याल, तोच शेवटपर्यंत वापरायचा. स्वाध्यायाचे गुण त्या ईमेलला चिकटलेले असतात. कोर्सला एक ईमेल आणि परीक्षेच्या अर्जाला दुसरा वापरला, तर स्वाध्याय आणि परीक्षा एकमेकांशी जुळत नाहीत आणि स्वाध्यायाचे गुण शून्य दिसतात. कॉलेजने दिलेला ईमेल पदवीनंतर बंद होणार असेल, तर स्वतःचा कायमचा ईमेल बरा.

नावाचा घोळ आपल्याकडे विशेष होतो. आधार कार्डावर ‘सुनील रमेश पाटील’, विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर ‘पाटील सुनील रमेश’, कुठे त्यापुढे आईचेही नाव, तर लग्नानंतर कुठे आडनाव बदललेले. एनपीटीईएलच्या परीक्षा अर्जात जे नाव आणि जो फोटो भराल, तेच प्रमाणपत्रावर छापून येते आणि नंतर बदलून मिळत नाही. प्रमाणपत्र शेवटी विद्यापीठात जायचे आहे, तेव्हा नाव गुणपत्रिकेशी जुळेल असे भरा. नुसता क्रम वेगळा असेल तर चालते का, हे परीक्षा विभागाला आधी विचारा. स्पेलिंगच वेगळे असेल (एकीकडे दीर्घ ई साठी दोन अक्षरे, दुसरीकडे एक), तर आधी आधारमधली दुरुस्ती करून घ्या.

प्रोफाइलमध्ये कॉलेज निवडताना यादीतले नेमके नाव घ्या. एकाच संस्थेची अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन आणि व्यवस्थापन अशी तीन कॉलेजे एकाखाली एक दिसतात. चुकीचे निवडले, तर तुमच्या स्पॉकना तुमचे गुण दिसतच नाहीत.

एबीसी आयडी, म्हणजे ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चा १२ अंकी क्रमांक, हाही याच वेळी काढून ठेवा. डिजिलॉकरमध्ये आधारने लॉगिन करायचे, एबीसी शोधायचे, संस्थेचे नाव आणि प्रवेशाचे वर्ष भरायचे, क्रमांक तयार होतो. हल्ली त्याला ‘अपार’ असेही नाव आहे. नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारवरून घेतले जाते, म्हणून वर सांगितलेली दुरुस्ती आधी हवी. या बँकेत जमा झालेली क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात.

स्वाध्याय आणि परीक्षेचे गणित

हा भाग एनपीटीईएलच्या कोर्ससाठी आहे. एकूण १०० पैकी २५ गुण स्वाध्यायाचे, ७५ परीक्षेचे. १२ आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम ८ स्वाध्यायांची सरासरी धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम ६, आणि ४ आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम ३. म्हणजे सणासुदीत किंवा आजारपणात एखादा स्वाध्याय राहिला, तर बिघडत नाही. मुदतीपूर्वी उत्तरे कितीही वेळा बदलून देता येतात, शेवटची धरली जातात. मुदत संपल्यावर मात्र काही करता येत नाही. शेवटच्या रात्री नेट गेले, ही सबब चालत नाही, म्हणून एक दिवस आधीच भरा.

उत्तीर्ण होण्यासाठी दोन्हीकडे स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात: २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३०. हे उदाहरणाने पाहा. एका विद्यार्थिनीची स्वाध्यायांची सरासरी ७२, म्हणजे २५ पैकी १८. परीक्षेत १०० पैकी ५६, म्हणजे ७५ पैकी ४२. एकूण ६०, आणि प्रमाणपत्रावर ‘एलिट’ असा शेरा. दुसऱ्याची स्वाध्यायांची सरासरी ९५, म्हणजे २३.७५. परीक्षेत ३८, म्हणजे २८.५. बेरीज ५२.२५ होते, तरी तो नापास, कारण परीक्षेत ३० भरले नाहीत. स्वाध्याय घरी बसून, पुस्तक उघडून, मित्राला विचारून सोडवता येतो. परीक्षा केंद्रावर जाऊन, तीन तास संगणकासमोर बसून द्यावी लागते. स्वाध्यायाच्या गुणांवर विसंबून परीक्षेला जाणाऱ्यांची फसगत इथेच होते.

७५ पासून पुढे ‘एलिट’सोबत रौप्य आणि ९० पासून सुवर्ण. क्रेडिटसाठी या शेऱ्याची गरज नसते.

एनपीटीईएलखेरीजचे कोर्स (पदवीचे वाणिज्य, भाषा, समाजशास्त्र वगैरे) असतील, तर परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए, घेते. तिथे स्वाध्यायाला ३० आणि परीक्षेला ७० गुण असतात आणि परीक्षेचा अर्ज एनटीएच्या पोर्टलवर वेगळा भरावा लागतो. ‘स्वयम’वर नाव नोंदवले म्हणजे परीक्षेचा अर्ज झाला, असा समज करून घेऊ नका. दोन्ही पद्धतींत परीक्षेची खिडकी कोर्स सुरू झाल्यावर केव्हातरी उघडते आणि ठरलेल्या तारखेला बंद होते. कोर्सच्या पानावरची तारीख पहिल्याच दिवशी वहीत टिपून ठेवा.

परीक्षेचा अर्ज आणि शुल्क

एनपीटीईएलच्या परीक्षेला एका कोर्सचे शुल्क १००० रुपये. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना ५०० रुपये, पण अर्ज भरतानाच दाखला अपलोड केला तर. पूर्ण शुल्क भरून नंतर फरक परत मागता येईल, या भरवशावर राहू नका. जातीचा दाखला तहसील कार्यालयातून यायला वेळ लागतो, तेव्हा तो कोर्स सुरू होण्याआधीच हाताशी ठेवा.

अर्जाला लागते ते एवढेच: अलीकडचा, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो, सहीची स्कॅन प्रत, सवलत हवी असल्यास दाखला, एबीसी आयडी, कॉलेजचा नोंदणी क्रमांक. फोटो आणि सहीच्या फाइलचा आकार अर्जातच लिहिलेला असतो. मोबाइलवरून काढलेला फोटो बहुधा मोठा असतो, आधी लहान करून घ्या. परीक्षेच्या शहरांची पसंती द्यावी लागते. उशिरा भरणाऱ्याला दूरचे केंद्र मिळण्याची शक्यता वाढते, आणि गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्याला त्याचा खर्च शुल्काहून जास्त पडू शकतो. केंद्रावर छापील प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र न्या.

निकालानंतर प्रमाणपत्राची पीडीएफ, कोर्सचा आठवडानिहाय अभ्यासक्रम आणि आधी घेतलेली परवानगी, ही तीन कागदे अर्जासह परीक्षा विभागात द्या आणि पोच घ्या. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्पष्ट छापला आहे का ते पाहा, कारण पडताळणी त्यावरून होते. मंजूर यादीतल्या कोर्सचे क्रेडिट नाकारले गेले, तर विनियमांत स्पष्ट म्हटले आहे की ‘स्वयम’वरून मिळवलेल्या क्रेडिटचे हस्तांतर विद्यापीठाने नाकारू नये. तोच आधार घेऊन, पोच जोडून, कुलसचिवांकडे लेखी अर्ज करता येतो.

अभ्यासाची पुस्तके, पैसे न देता

कोर्सच्या पानावर सुचवलेली पुस्तके महाग असतात. ती विकत घेण्याआधी दोन-तीन ठिकाणे पाहा. इग्नूच्या ‘ई-ज्ञानकोश’वर त्यांच्या अभ्यासक्रमांची घटकनिहाय पुस्तके आहेत. कला-वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ती फार उपयोगी, कारण ती शिक्षकाविना एकट्याने वाचण्यासाठीच लिहिलेली आहेत. पदव्युत्तर विषयांसाठी ‘ई-पीजी पाठशाला’. अभियांत्रिकी आणि पदविकेसाठी एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) ‘ई-कुंभ’ पोर्टलवर भारतीय भाषांतली, मराठीतलीही, पाठ्यपुस्तके उतरवून घेता येतात. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय ठिकठिकाणचे साहित्य एका जागी शोधून देते. तिथे दिसणारे सगळेच खुले नसते, काही नोंदींना फक्त माहिती मिळते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत. इंग्रजी कोर्सची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच येते, तेव्हा कल्पना मराठीतून समजून घेतली तरी संज्ञा इंग्रजीतल्याही पाठ ठेवा.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. वाचायला मोफत म्हणजे छापायला, बदलायला मोफत असे नाही. साहित्यावर कोणता परवाना आहे ते आधी पाहा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुणांपैकी ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या, ‘एसए’ म्हणजे बदललेली प्रतही त्याच परवान्याखाली द्या, ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको, ‘एनडी’ म्हणजे बदल करून वाटू नका. भाषांतर हाही बदलच धरला जातो, म्हणून ‘एनडी’ असलेल्या पुस्तकाचे मराठी रूप विद्यार्थ्यांना वाटता येत नाही, विचारून परवानगी घ्यावी लागते. काहीच खूण नसेल, तर सर्व हक्क राखीव समजा. ‘बीवाय-एसए’ असलेल्या धड्याची मराठी टिपणे काढलीत, तर पहिल्या पानावर मूळ शीर्षक, मूळ कर्ता, दुवा, परवान्याचे नाव आणि ‘मराठी अनुवाद, उदाहरणे बदलली’ अशी नोंद लिहा.