फंकोट म्हणजे नुसतं पळवलेलं हाऊस नव्हे

जकार्ताच्या कोता भागातल्या क्लबांमध्ये 1990 च्या दशकात रुजलेल्या फंकोट या वेगवान नृत्यसंगीताबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: हाऊस या क्लबमधल्या नृत्यसंगीताचं कुठलंही गाणं 180 बीपीएमला (मिनिटाला 180 ठोके) पळवा, झालं फंकोट. हे साफ चूक आहे.

करून बघा. 128 चं गाणं 180 वर नेलं की वेग 40 टक्क्यांहून जास्त वाढतो. की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद असेल तर सूर जवळपास सहा सेमीटोन (अर्धे स्वर) वर चढतो आणि गायकाचा आवाज चिरका होतो. चालू ठेवलं तर सूर जागेवर राहतो, पण किकची (मोठ्या ड्रमच्या ठोक्याची) धार जाते, टाळ्या फाटतात. शिवाय ठेका हाऊसचाच राहतो, आणि खरी गोम तिथेच आहे. फंकोटमध्ये बास ठोक्यांच्या मधल्या जागेत उसळतो आणि काउबेल (धातूची घंटा) आडव्या लयीत वाजते. हे सगळं नव्याने रचावं लागतं.

म्हणून रिमिक्ससाठी 90 बीपीएमच्या आसपासचं गाणं घ्या. त्यातला फक्त गायकाचा आवाज वेगळा काढा. तो फारसा न ताणता 180 च्या ठेक्यावर बसतो, कारण गाण्याच्या एका ठोक्यात ड्रमचे दोन मावतात.