शर्मनचे फेंगडे पाय

दिवाळीनंतर माळ्यावर ठेवून दिलेला रिमोटचा रणगाडा मे महिन्यात खाली काढला. भाच्याने तो फरशीवर ठेवला, मान तिरकी करून मागून पाहिलं आणि म्हणाला, "मामा, ह्याचे पाय फेंगडे झाले की!"

खरंच झाले होते. बाराच्या बारा चाकं थोडी थोडी फाकलेली. वरची कड आत, खालची बाहेर. रणगाडा कुठे पडला नव्हता, त्याच्यावर कुणी काही ठेवलं नव्हतं. सहा महिने तो नुसता उभा होता, आमच्या धाराशिवच्या घरात, पत्र्याखालच्या माळ्यावर.

मॉडेल अमेरिकन शर्मन रणगाड्याचं, खऱ्याच्या एक सोळांश मापाचं. शर्मनच का, तर त्याला घरचं कारण आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावरची कारवाई सुरू झाली, तेव्हा सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्याने जे भारतीय सैन्य आत शिरलं त्यात शर्मन होते. चार दिवसांनी निजामाने शरणागती पत्करली. आजोबा सांगायचे, रणगाडे दिसायच्या आधी घरातली भांडी वाजायला लागली होती.

शर्मनच्या प्रत्येक बाजूला तीन बोग्या असतात. आपण रेल्वेच्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण मुळात बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. शर्मनच्या एका बोगीत दोन चाकं, दोन दांडे आणि मधे उभ्या स्प्रिंगा. चाक दगडावर चढलं की दांडा वर उचलला जातो आणि स्प्रिंग दाबतो. खऱ्या रणगाड्यातली स्प्रिंग गोल तारेची नसते. पोलादाची चपटी पट्टी गुंडाळून मधला भाग वर ओढलेला असतो. शिंप्याची टेप गुंडाळून मधून बोटाने वर ढकला, तोच आकार. ती दाबली की एकेक वेढा तळाला टेकत जातो आणि स्प्रिंग आणखी आणखी कडक होत जाते. खेळण्यात मात्र साध्या तारेच्या स्प्रिंगाच असतात, आणि दांडे व बोगीची चौकट प्लॅस्टिकची.

मग पाय फेंगडे कशाने झाले? गुळाची ढेप आठवा. हिवाळ्यात ताठ उभी असते, वैशाखात फडक्यातल्या फडक्यात बसते. वितळत नाही, तरी बसते. प्लॅस्टिकचंही तसंच. त्याचे रेणू लांबलचक धाग्यांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. सतत भार राहिला की धागे इंचाइंचाने एकमेकांवरून सरकतात, आणि उष्णतेने हे सरकणं वाढतं. याला क्रीप म्हणतात. खेळण्यांचं नेहमीचं एबीएस प्लॅस्टिक १०० अंशांच्या पुढे गेल्यावरच मऊ पडतं, पण सरकायला त्याला तितकी धग लागत नाही. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात तापलेला पत्रा आणि सहा महिने पुरतात.

म्हणून धातूच्या बोग्या मागवल्या. त्या हातात येईपर्यंत माझा समज हाच होता की धातू मजबूत, म्हणून चांगला. हिशेब मांडून बसलो तेव्हा तो समज गेला.

खरा शर्मन साधारण ३० टनांचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळाने भागल्या की वजन १६ × १६ × १६, म्हणजे ४,०९६ ने कमी होतं. म्हणजे सगळं जसंच्या तसं लहान केलं तर मॉडेल सव्वासात किलोच्या आसपास भरायला हवं. माझं किराणा दुकानातल्या काट्यावर ३ किलो ४०० ग्रॅम भरलं. दुकानदार म्हणाला, "पिशवीत काय, तोफ आहे का?" आता भार पेलणारा दांडा बघा. त्याचा छेद, म्हणजे आडवा कापल्यावर दिसणारं तोंड, दोनच मापांचा, म्हणून तो फक्त १६ × १६ ने कमी झाला. भार चार हजार पटींनी घटला, छेद अडीचशे पटींनी. म्हणजे दांड्याच्या दर चौरस मिलीमीटरवर येणारा ताण खऱ्याच्या एक सोळांशच. मुंगी स्वतःपेक्षा जड दाणा उचलते आणि हत्तीला तेवढे जाड पाय लागतात, त्यामागे हेच गणित आहे. गॅलिलिओने ते १६३८ साली छापून ठेवलं आहे.

एबीएसची ताकद साध्या पोलादाच्या साधारण एक दशांश, आणि ताण एक सोळांश. तेव्हा प्लॅस्टिक मोडायचं कारणच नाही, आणि माझं मोडलंही नव्हतं. खोट होती ताठपणात. एबीएस पोलादापेक्षा जवळपास ९० पट लवचीक. सोळाची सूट धरूनही, पूर्ण वजनाच्या मॉडेलचा दांडा त्याच्या आकाराच्या मानाने खऱ्यापेक्षा पाच-साडेपाच पट जास्त वाकणार. म्हणजे धातू इथे हवा तो वाकू नये म्हणून. शिवाय वजनासाठी. एबीएसपेक्षा जस्ताचा मिश्रधातू सहापट जड आणि हे सगळं वजन अगदी तळाला येतं. रणगाडा तिरक्या बांधावर उलटत नाही तो यामुळे.

बोग्या पोलादाच्या नव्हत्या हे सांगायला हवं. असे छोटे ओतीव भाग बहुधा झामॅकचे असतात: जस्त, त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम, काहींत तांबं. जुन्या काळी या ओतकामात शिशाचा अंश राहिला की खेळणी दहा-वीस वर्षांत भेगाळून भुकटी व्हायची. १९२९ च्या सुमारास ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरायला लागले आणि हा रोग आटोक्यात आला. जस्ताच्या मिश्रधातूतही थोडी क्रीप असते, पण एवढ्याशा ताणाला ती जाणवत नाही. चाकं मी मुद्दाम प्लॅस्टिकचीच ठेवली. चाकांचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते जितकं जड तितका प्रत्येक खड्ड्याचा दणका वर पोचतो. लोक हौसेने चाकंही धातूची घालतात. दिसतात छान, पण मला पटत नाही.

बोग्या बसवल्या, गाडी अंगणात सोडली, आणि घात झाला. रणगाडा दगड झाला होता. दीड सुताच्या खड्यावरून जाताना सगळं धूड उचललं जायचं, नव्या बोग्यांतली स्प्रिंग हलायचीच नाही. भाच्याने जुगाड सुचवला: बॉलपेनच्या स्प्रिंगा. घातल्या, तर रणगाडा म्हशीसारखा खाली बसला.

शेवटी एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बोगीतली एक स्प्रिंग चिमटीत दाबली, तारेला जाडी मोजायचा व्हर्निअर लावला. "एक मिलीमीटरची तार आहे साहेब. ही तुमच्या गाडीला नाही, खऱ्या गाडीला लावा." आणि ०.८ मिलीमीटरच्या तारेचं भेंडोळं काढलं. मला वाटलं, ०.२ ने काय मोठा फरक पडणार? पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. तार सव्वापट जाड केली की स्प्रिंग सव्वापट नाही, जवळजवळ अडीचपट कडक होते. दाबताना वेटोळं वरवर वाकतं असं दिसतं, प्रत्यक्षात तार स्वतःभोवती पिळली जात असते, आणि गोल तारेची पिळाला होणारी आडकाठी जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. मिस्त्रींनी हे सूत्र कधी वाचलं नसेल. त्यांच्या बोटांना ते माहीत होतं. सात मिलीमीटर व्यासाची दहा वेढ्यांची एकेक स्प्रिंग त्यांनी लेथवर सळईभोवती गुंडाळून दिली. आधी उभ्या गाडीच्या भाराने स्प्रिंग सव्वा मिलीमीटर दबत होती, आता तीनच्या जवळ दबते. वर जायला जागा, खाली जायलाही जागा.

धातूचे पट्टे आणि पोलादी गिअर घालून वजन ५ किलो ६०० ग्रॅम झालं. मोटारी जास्त करंट खातात आणि तापतात, बॅटरी लवकर उतरते. ते चालायचंच.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. स्प्रिंगा बरोबर बसल्या तरी गाडी खऱ्यासारखी डुलत नव्हती, नुसती थरथरायची. चूक स्प्रिंगची नव्हती. वस्तू लहान करता येते, गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. खऱ्या शर्मनच्या २.७४ मीटर उंचीवरून सुटलेला नट पाऊण सेकंदात जमिनीवर पडेल. मॉडेलच्या १७ सेंटीमीटरवरून सुटलेला त्याच्या एक चतुर्थांश वेळात. १६ चं वर्गमूळ ४. मॉडेलच्या जगात घड्याळ चौपट पळतं. खरा रणगाडा सेकंदाला दोनदा झुलत असेल, तर हुबेहूब स्प्रिंगांचा मॉडेल आठदा झुलणार, आणि आठ हेलकावे डोळ्याला थरथरच वाटतात. भाच्याने मोबाइलवर सेकंदाला १२० चित्रांनी शूटिंग केलं आणि ३० च्या गतीने लावलं. पडद्यावर नाक खाली घालून, मग सावकाश वर उचलत येणारा तो रणगाडा बघून मला आजोबांची भांडी आठवली. सिनेमावाले छोटी जहाजं आणि इमारती संथ गतीने दाखवायचे ते याचसाठी.

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर गाडी रानात नेली. मला भीती होती रुतण्याची. ती फुकट होती. खऱ्या शर्मनचा भार जमिनीच्या दर चौरस सेंटीमीटरवर जवळपास १ किलो, माझ्याचा ५० ग्रॅमही नाही. माणूससुद्धा त्याच्यापेक्षा खोल पाऊल उमटवतो. पण वीस फुटांवर गाडी थांबली. आपल्या काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज थराथरांत पाणी ओढून घेतं, फुगतं आणि धरेल त्याला चिकटतं. चिखलाचं चिकटणं पृष्ठभागावर चालतं, गळून पडणं वजनावर. मोठ्या रणगाड्याच्या पट्ट्यावरचा वीतभर जाड गोळा आपल्याच वजनाने सुटतो. दोन मिलीमीटरचा थर कशाला सुटेल? तो बोग्यांच्या फटीत शिरला आणि वाळून सिमेंट झाला. बैलगाडीच्या आखासारखं मी आधी वंगणही चोपडून ठेवलं होतं, त्यात धूळ मिसळून पिनांना पॉलिश पेपर घासावा तसं झालं. आता वंगण बंद. पेन्सिलचं शिसं, म्हणजे खरं तर ग्रॅफाइट, किसून त्याची पूड लावतो.

भाचा बांधावर बसून बाभळीच्या काट्याने एकेक बोगी कोरत होता. सहा बोग्यांना पाऊण तास लागला. दांडे सगळे सरळ होते. माळ्यावर ठेवताना या वेळी पोटाखाली लाकडी ठोकळा दिलाय, चाकं अधांतरी.