जे-साय सापडला झटकन, पण तो बनतो कसा हे अजून भिजत घोंगडं

जे-साय या सूक्ष्म कणाचं जोडनाव कोणाचंच मन मोडायला नको म्हणून ठेवल्यासारखं वाटतं ना, तर ते खरंच तसं आहे. 1974 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत दोन टोकांना एकच कण सापडला, ब्रुकहेवनला सॅम टिंगच्या टीमने बेरिलियमवर प्रोटॉन मारून आणि कॅलिफोर्नियात बर्टन रिक्टरच्या टीमने स्पिअर रिंगमधे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून. टिंग म्हणाला जे, रिक्टर म्हणाला साय, आणि 1976 चं नोबेल दोघांत वाटलं गेलं. स्पिअरवर बीमची एनर्जी 3.1 जीईव्हीच्या (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) आसपास किंचित हलवली की टकरींचा आकडा शंभरेक पट उसळायचा, म्हणजे शंकेला जागाच नाही. कणाच्या आत होते चार्म क्वार्क (क्वार्क म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते; चार्म ही त्यांची एक जड जात) आणि त्याचा अँटीक्वार्क, म्हणजे उलट्या चार्जचा जोडीदार. मग 1977 ला फर्मीलॅबमधे लिऑन लेडरमनच्या टीमला त्याहून जड बॉटम क्वार्कची तशीच जोडी मिळाली, अप्सिलॉन, 9.5 जीईव्ही. (त्याआधी 6 जवळ एक फसवा पीक दिसला होता, त्याला लोक अजून ‘ऊप्स-लिऑन’ म्हणतात.)

सापडायचं काम असं पटकन झालं, पण ही जोडी जमते कशी इथे गाडी अडली. क्वार्क जड, त्यामुळे ग्लुऑनच्या (क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या कणांच्या) टकरीत ते तयार कसे होतात ते कागदावर मांडता येतं, पण पुढे एकमेकांना धरून बसायचा भाग हळू चालतो आणि तिथे नेहमीची गणितं चालत नाहीत. जुनं मॉडेल म्हणायचं की जोडी जन्मतःच ‘रंगहीन’ हवी (रंग म्हणजे इथे क्वार्कचा एक प्रकारचा चार्ज, खरा रंग नाही). नव्वदीत फर्मीलॅबच्याच टेव्हाट्रॉन कोलायडरवर सीडीएफ प्रयोगाने सिलिकॉन डिटेक्टर वापरून बी मेसॉन (बॉटम क्वार्क असलेले कण) थोडं लांब जाऊन फुटल्यावर निघणारे साय वेगळे काढले, उरलेले मोजले, तर साय-प्राइम (जे-सायचा जरा जड भाऊ) जुन्या मॉडेलच्या सुमारे 30 पट! 1995 ला बॉडविन, ब्राटेन, लेपाज यांनी वाट काढली, की जोडी रंगीत जन्मली तरी चालेल, नंतर मऊ ग्लुऑन टाकून ती रंग उतरवते. आकडे जुळले खरे, पण त्यातले काही नंबर डेटावरूनच बसवलेले, आणि पोलरायझेशन (कणांचा स्पिन एका बाजूला झुकलेला असणं) मोजल्यावर परत घोळ, जास्त वेगाच्या साय कणांत ते जोरदार दिसायला हवं होतं, पण दिसलंच नाही.

जड अणुकेंद्रांच्या टकरीत तर अजून मजा. 1986 ला मात्सुई आणि झाट्झ म्हणाले होते की तापलेल्या प्लाझ्मात (जिथे क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे फिरतात) जोड्या तुटतील, जे-साय कमी दिसेल. पण सर्नच्या एलएचसी कोलायडरवर अॅलिस प्रयोगाला, ज्याच्या म्युऑन डिटेक्टरमधे कोलकात्याच्या लोकांचा हात आहे, जे-साय अपेक्षेपेक्षा कमी घटलेला दिसला, कारण तिथे चार्म इतके ढीगभर तयार होतात की प्लाझ्मा थंडावताना भलत्याच टकरीतला क्वार्क भलत्याच अँटीक्वार्कला जाऊन चिकटतो.