एशियाड नावाची बस

आमच्या घरी ‘एशियाड’ म्हणजे बस. दादरहून पुण्याला, पुण्याहून नाशिकला जाणारी एसटीची पांढरी-हिरवी निमआराम गाडी. साध्या लाल गाडीपेक्षा चार पैसे जास्त, पण बूड टेकायला बरी सीट. आजीला विचारलं असतं की हे नाव कुठून आलं, तर तिला सांगता आलं नसतं. नाव आलं ते 1982 च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांमधून. खेळाडूंची ने-आण करायला एसटीने गाड्या बांधल्या, आणि स्पर्धा संपल्यावर त्या महाराष्ट्रात परतून प्रवाशांसाठी धावू लागल्या. स्पर्धेसाठी केलेला खर्च पुढे सामान्य माणसाच्या रोजच्या कामाला आला, याचं इतकं सरळ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

मोठी स्पर्धा म्हणजे शहराचा विकास, हे समीकरण आपल्याकडे सुरुवातीपासून नव्हतं. मार्च 1951 मध्ये पहिल्या आशियाई स्पर्धा दिल्लीतच झाल्या. 11 देश, पाचशेहून कमी खेळाडू, आणि इंग्रजांच्या काळातल्या आयर्विन अँफिथिएटरची डागडुजी करून केलेलं नॅशनल स्टेडियम. शहर फारसं हललं नाही. 1982 मध्ये मात्र सगळंच बदललं. जवाहरलाल नेहरू स्टेडियम, इंद्रप्रस्थ इनडोअर स्टेडियम, तालकटोरा जलतरण तलाव, तुघलकाबादची शूटिंग रेंज, सिरी फोर्टला राज रेवाल यांनी रचलेलं एशियाड व्हिलेज आणि शहरभर उड्डाणपूल. एरवी ज्या कामांना दहा-पंधरा वर्षं लागली असती, ती दोन-अडीच वर्षांत उरकली गेली. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, जगाला बोलावलेलं असतं. त्यामुळे फाइल अडत नाही, पैसा अडत नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्याला ‘आधी स्पर्धा होऊ दे’ म्हणून गप्प बसवता येतं. पुढची चाळीस वर्षं आपल्या नगरनियोजनात ही युक्ती पुन्हा पुन्हा वापरली गेली.

त्या घाईची किंमत कोणी मोजली, हे सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात लिहिलेलं आहे. एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांची स्थिती तीन समाजशास्त्रज्ञांनी जाऊन पाहिली. त्यांच्या अहवालाच्या आधारे पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिलं आणि ते पत्रच याचिका म्हणून दाखल झालं. किमान वेतन होतं रोजचं 9 रुपये 25 पैसे. ठेकेदार तेवढे पैसे मजुराच्या हातात देत नव्हता, जमादाराच्या, म्हणजे मजूर आणून देणाऱ्या दलालाच्या, हातात देत होता. जमादार माणशी 1 रुपया कापून घ्यायचा आणि मजुराच्या हातावर 8 रुपये 25 पैसे पडायचे. कागदावर सगळं कायदेशीर. 18 सप्टेंबर 1982 ला, स्पर्धा दोन महिन्यांवर असताना, न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम म्हणजे वेठबिगार आणि ते घटनेच्या 23 व्या कलमाविरुद्ध आहे. जनहित याचिकांच्या इतिहासात हा निकाल आजही शिकवला जातो. माझ्या मते एशियाडने देशाला दिलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट हीच, आणि ती कोणत्याही आराखड्यात नव्हती.

सिरी फोर्टची घरं आज दिल्लीतल्या महागड्या पत्त्यांपैकी एक आहेत. उड्डाणपुलांवरून गाड्या धावतातच आहेत. स्टेडियमं मात्र सरकारी कुलपाच्या मागे राहिली, आणि आसपासच्या मुलांना रोज तिथे पळता यावं, असा विचार फार थोड्यांनी केला.

महाराष्ट्राने तीच वाट पुण्यात धरली. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभं राहिलं. आराखडा शशी प्रभू यांचा, पुढाकार सुरेश कलमाडी यांचा. तेव्हा बालेवाडी म्हणजे शहराच्या हद्दीबाहेरची शेतं. पुणेकर ‘एवढ्या लांब कोण जाणार?’ असं विचारायचे. 1997 मध्ये बाणेर-बालेवाडीसह आजूबाजूची गावं महापालिकेत आली, पलीकडे हिंजवडीत आयटी पार्क वाढलं, आणि ऑक्टोबर 2008 मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या निमित्ताने या पट्ट्यातल्या रस्त्यांचं रूप पालटलं. आज घरांच्या जाहिरातीत ‘स्टेडियमपासून पाच मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. बालेवाडी वाढली ती स्पर्धेमुळे की आयटीमुळे, याचं उत्तर मी आयटी असंच देईन. स्पर्धेने रस्ता लवकर आणला, एवढं श्रेय तिचं.

पण बालेवाडीची एक गोष्ट मनापासून आवडते. ते संकुल रिकामं पडलं नाही. 2009 ची ज्युनियर व्हॉलीबॉलची जागतिक स्पर्धा, 2019 ची खेलो इंडिया, एटीपी या व्यावसायिक पुरुष टेनिस मालिकेतली महाराष्ट्र ओपन, 2022 च्या महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचे काही सामने हे सगळं तिथे झालं. मावळ लोकसभेची मतमोजणीही तिथेच होते. संकुल राज्य सरकारच्या क्रीडा खात्याकडे आहे, तिथे प्रशिक्षण चालतं, आणि सकाळी सहाला गेलं की पोहण्याच्या पिशव्या खांद्याला अडकवलेली मुलं दिसतात.

गोव्याचा अनुभव थोडा वेगळा. जानेवारी 2014 मध्ये पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांच्या लुसोफोनिया स्पर्धांसाठी बांबोळी, पेडे, नावेली, ताळगाव इथे क्रीडांगणं झाली. राष्ट्रीय स्पर्धा मात्र पुढे पुढे ढकलत अखेर 2023 मध्ये झाल्या. मधल्या काळात ताळगावचं इनडोअर स्टेडियम लोकांना जास्त दिसलं ते समारंभांसाठी. 2022 मध्ये मुख्यमंत्र्यांचा शपथविधी तिथेच झाला.

दिल्लीने नोव्हेंबर 2003 मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला हरवून 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळवल्या. खर्चाचा सुरुवातीचा अंदाज होता 1,200 कोटींचा. ऑगस्ट 2011 मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल आला तेव्हा आकडा 18,532 कोटींवर गेलेला होता, आणि त्यात मेट्रो व विमानतळाचा खर्च धरलेला नव्हता. त्या स्पर्धांमधल्या भ्रष्टाचारावर इतकं बोललं गेलं की शहराच्या नियोजनाबद्दल बोलायचं राहूनच गेलं. मला ती दुसरी गोष्ट जास्त गंभीर वाटते.

यमुनेच्या पश्चिम काठावर यमुना पुश्ता नावाची मोठी झोपडवस्ती होती. नदीकाठावरचं अतिक्रमण म्हणून ती 2004 मध्ये पाडली. बऱ्याच कुटुंबांना शहराच्या टोकाला, बवानाला नेलं, जिथून कामावर येण्याचं बसभाडंही परवडत नव्हतं. त्यानंतर काही वर्षांत समोरच्या काठावर, अक्षरधामशेजारी, क्रीडाग्राम उभं राहिलं. खासगी विकासकाबरोबर भागीदारीत, 1,168 फ्लॅटचं. विकासकाचा पैसा आटला तेव्हा दिल्ली विकास प्राधिकरणाने त्यातले 333 फ्लॅट स्वतः विकत घेऊन प्रकल्प तारला. एका काठावर घर गुन्हा ठरतं आणि दुसऱ्या काठावर त्याला सरकार पैसे पुरवतं, हे मला आजही गिळता येत नाही. अनुसूचित जाती उपयोजनेतले शेकडो कोटी स्पर्धेकडे वळवले गेल्याचं तेव्हाचे गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी ऑगस्ट 2010 मध्ये राज्यसभेत मान्य केलं. मजुरांच्या वेतनासाठी न्यायालयात पुन्हा तीच 1982 ची संघटना उभी होती. न्यायालयाने नेमलेल्या अरुंधती घोष यांच्या समितीने मार्च 2010 मध्ये दिलेल्या अहवालात कमी मजुरी आणि असुरक्षित काम या तक्रारी पुन्हा लिहिल्या गेल्या.

चांगलंही मागे राहिलं. बारापुल्ला उन्नत मार्ग आजही दिल्लीकर वापरतात, मेट्रोचं जाळं पसरलं. विमानतळाची एक्स्प्रेस मेट्रो मात्र स्पर्धा संपल्यावर, फेब्रुवारी 2011 मध्ये सुरू झाली. तिचं काही बिघडलं नाही. शहराला लागणारी गोष्ट चार महिने उशिरा आली तरी शहर ती वापरतंच.

नोव्हेंबर 2025 मध्ये दोन बातम्या पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने आल्या. पहिली, 1982 मध्ये बांधलेलं आणि 2010 साठी नव्याने उभारलेलं जवाहरलाल नेहरू स्टेडियम पाडून तिथे स्पोर्ट्स सिटी करण्याचा क्रीडा मंत्रालयाचा प्रस्ताव. दुसरी, 26 नोव्हेंबरला ग्लासगोमध्ये 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या. 2036 च्या ऑलिंपिकसाठी भारताचं इरादापत्र आधीच गेलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2026 च्या स्पर्धा खर्च झेपत नाही म्हणून जुलै 2023 मध्ये सोडून दिल्या, आणि ग्लासगोने त्या चार जुन्या ठिकाणी, दहाच खेळांत घ्यायचं ठरवलं, हेही याच काळातलं.

अहमदाबादच्या आराखड्यात मला आधी क्रीडाग्रामाचं पान बघायचं आहे: जमीन कोणाची, घरं नंतर कोणाला जाणार, आणि तिथून आत्ता कोण उठणार. मग मजुरांच्या हजेरीचं पुस्तक, आणि मजुरी थेट कोणाच्या खात्यात जाते ते. कॅगने दिल्लीबद्दल नोंदवलं होतं की हातात सात वर्षं असताना 2003 ते 2006 ही वर्षं जवळपास वाया गेली आणि पुढचं सगळं घाईत उरकलं गेलं. अहमदाबादला सुरुवातीलाच पाच वर्षंसुद्धा मिळालेली नाहीत.