गिअर हळुवार पडला म्हणजे गिअरबॉक्स सुखी?

ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदललेला कळलाच नाही तर गिअरबॉक्स ठणठणीत, आणि जाणवला की त्याचं आयुष्य घटलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यातला पहिला भाग तर सरळ फसवा आहे.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे देणाऱ्या) गिअरबॉक्समध्ये वरचा गिअर पडताना एक क्लच सुटतो आणि दुसरा पकड घेतो. इंजिनाचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) खाली येईपर्यंत हा नवा क्लच घसरत राहतो. आपल्याला जाणवणारा मऊपणा म्हणजे बरीचशी ही घसरणच. तिची उष्णता क्लचप्लेटांना आणि तेलाला सोसावी लागते. आरामासाठी कंपन्या ती मर्यादेत लांबवतात. पण क्लच दाबून धरणाऱ्या तेलाचा दाब कमी पडून ती आणखी लांबली तर प्लेटा जळू लागतात. आणि चालक म्हणतो, काय लोण्यासारखी चालते!

मग दाब वाढवून टाकायचा? सरसकट नाही. हलक्या थ्रॉटलला, म्हणजे अॅक्सिलरेटर थोडाच दाबलेला असताना, जास्त दाब दिला की नुसता दणका बसतो. दाब इंजिनाच्या टॉर्कच्या, म्हणजे फिरवण्याच्या जोराच्या, प्रमाणात वाढायला हवा. वेळही जुळावी लागते: जुना क्लच लवकर सुटला तर आरपीएम उसळतो, उशिरा सुटला तर दोन्ही क्लच एकमेकांशी झुंजतात. नव्या गाड्यांत शिफ्टच्या वेळी इंजिनाचा टॉर्क क्षणभर उतरवतात, त्यामुळे घसरण आणि धक्का दोन्ही आटोक्यात राहतात. माझ्या मते ट्यूनिंगची खरी कारागिरी इथे आहे, दाब वाढवणारी कडक स्प्रिंग बसवण्यात नाही.

तेलाची पातळीच कमी असेल तर मात्र यातलं काही कामाचं नाही. पंप हवा ओढतो आणि दाब टिकत नाही.