त्वचेचा संसर्ग: जंतू कुठे राहतो, यावरून ओळख

त्वचा लाल होणे, सुजणे आणि खाजणे ही लक्षणे बहुतांशी जंतू स्वतः निर्माण करत नाही. ती आपल्याच प्रतिकारशक्तीच्या प्रतिसादातून उमटतात. त्यामुळे समोर जीवाणू असो, बुरशी असो वा परजीवी, पहिल्या नजरेला सगळे चट्टे सारखेच भासतात आणि केवळ लाली व खाज पाहून निदान करू जाणारा हमखास फसतो. खरी ओळख पटते ती वेगळ्या प्रश्नांतून. हा जंतू त्वचेच्या कोणत्या थरात राहतो? तिथे तो कशावर जगतो आणि कोणत्या दिशेने पसरतो? चट्ट्याचा आकार, त्याची जागा आणि त्याला द्यावे लागणारे औषध हे सारे या उत्तरांवर ठरते.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग कोरडा आणि किंचित आम्लधर्मी असतो, शिवाय तिथे कायम वस्तीला असलेले निरुपद्रवी जीवाणू उपऱ्यांना सहसा जागा मिळू देत नाहीत. तरीही सुमारे एक तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू निवांत राहत असतो आणि एखादा ओरखडा किंवा कीटकदंश त्याला आत शिरायला पुरतो. लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती पुळ्या येऊन फुटतात आणि त्यांवर मधासारख्या पिवळसर रंगाची खपली धरते, तो इम्पेटिगो याच जीवाणूमुळे किंवा स्ट्रेप्टोकॉकसमुळे होतो. संसर्ग अगदी वरच्या थरात असल्याने थोड्या जागेत असेल तर म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक आम्लाचे मलम पुरते आणि सहसा व्रणही राहत नाही; पुळ्या बऱ्याच ठिकाणी पसरल्या असतील तर मात्र पोटातून प्रतिजैविक द्यावे लागते.

तोच जीवाणू केसाच्या मुळाशी उतरला की गळू होते. इथे अनेकांची समजूत अशी की जितके तीव्र प्रतिजैविक, तितका लवकर गुण. प्रत्यक्षात पू साचलेल्या बंद पोकळीत रक्तावाटे औषध नीट पोहोचत नाही, त्यामुळे मोठ्या गळवावर मुख्य उपचार म्हणजे डॉक्टरांकडून निर्जंतुक पद्धतीने छेद घेऊन पू काढून टाकणे. घरी पिळण्याने मात्र पू आतल्या बाजूला ढकलला जाण्याचा धोका असतो.

जीवाणू आणखी खोल, त्वचेखालच्या चरबीच्या थरापर्यंत गेला की सेल्युलायटिस होतो. बहुधा एकाच पायावर गरम, दुखरी, कडा अस्पष्ट असलेली लाली येते आणि ती तासातासाने पुढे सरकते. दोन्ही पाय एकाच वेळी सारखे लाल झाले असतील तर कारण बहुतेकदा दुसरेच असते. लालीच्या कडेने पेनने रेघ मारून ठेवणे हा साधा उपाय फार उपयोगी पडतो, कारण उपचार लागू पडतो आहे की नाही हे त्या रेघेवरून कळते. पहिल्या एकदोन दिवसांत औषध चालू असूनही लाली किंचित पुढे जाऊ शकते. मात्र ताप चढणे, त्वचा काळी-निळी पडणे, किंवा वर फारसे काही दिसत नसताना असह्य वेदना होणे, यांपैकी काहीही आढळल्यास क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. स्नायूंवरील आवरण वेगाने कुजवणारा संसर्ग असाच सुरू होतो. सेल्युलायटिसच्या जीवाणूला आत येण्याची वाट पुष्कळदा पायाच्या बोटांमधल्या, बुरशीने चिरलेल्या बेचकीतून मिळते. ती बुरशी बरी केली नाही, तर सेल्युलायटिस पुन्हा पुन्हा उलटतो.

गजकर्ण किंवा नायटा घडवणाऱ्या बुरशा त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात राहून तिथल्या केराटिन या प्रथिनावर जगतात. बुरशी एका बिंदूपासून चहूबाजूंना पसरत जाते आणि प्रतिकारशक्ती तिचा पाठलाग करते. त्यामुळे मधला भाग निवळतो आणि लाल, खवलेदार, किंचित उचललेली कडा बाहेर सरकत राहते. कडेवरच बुरशी सर्वाधिक जिवंत असल्याने तपासणीसाठी खवले तिथूनच खरवडतात. ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवले की केराटिन विरघळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले तंतू स्पष्ट दिसतात. तपासणी स्वस्त आणि थोड्या वेळात होणारी आहे, तरी ती जितकी व्हायला हवी तितकी होत नाही, ही खेदाची बाब आहे.

तिच्याऐवजी हाताला येते ते स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेले मलम. माझ्या मते अशी मिश्रणे म्हणजे निदान टाळण्याची पळवाट आहे. स्टेरॉइड प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद दाबते, म्हणून दोन दिवसांत लाली व खाज ओसरते आणि रुग्णाला गुण आल्यासारखे वाटते. बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. कडा पुसट होते, वलयात वलये उमटतात आणि पुढे तज्ज्ञालाही चट्टा ओळखणे अवघड जाते. बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे आणि त्वचा स्वच्छ दिसू लागल्यावरही निदान एक-दोन आठवडे चालू ठेवावे. डोक्यातला आणि नखांतला संसर्ग केवळ मलमाने सहसा बरा होत नाही, कारण केसाच्या मुळापर्यंत किंवा जाड नखाखाली ते पुरेसे झिरपत नाही. गोळ्या घ्याव्या लागतात, आणि पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष ते दीड वर्ष जाते. अलीकडे भर पडली आहे ती २०२० मध्ये नव्याने नामकरण झालेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीची. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या ज्या विकरावर घाव घालते, त्यातच उत्परिवर्तन झाल्याने तिच्या अनेक वाणांवर ते निष्प्रभ ठरते.

छाती-पाठीवर येणारी शिबं मॅलासेझिया या यीस्टमुळे होतात. हे यीस्ट मुळात प्रत्येकाच्या त्वचेवर असते आणि तेलकट, घामट वातावरणात माजते. उपचारानंतरही फिकट डाग काही महिने टिकतात, पण ते रोग शिल्लक असल्याचे लक्षण नव्हे.

परजीवींमध्ये सर्वाधिक चुकणारे निदान खरजेचे. इटलीतील जोव्हान कोझिमो बोनोमो यांनी १६८७ मध्येच खरजेच्या किड्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. मादी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांबीची असते. ती त्वचेच्या वरच्या थरात तिरपे बीळ खोदत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. बोटांच्या बेचक्या, मनगट, काखा, बेंबीभोवतीचा भाग आणि जननेंद्रिये या तिच्या आवडत्या जागा. भिंगातून पाहिले तर काही मिलिमीटर लांबीची, नागमोडी, करडी रेघ दिसते. एवढे हैराण झालेल्या रुग्णाच्या अंगावर एकूण किडे सहसा दहा-पंधराच असतात. खाज सुटते ती किड्यांच्या आणि त्यांच्या विष्ठेच्या ॲलर्जीमुळे, आणि ती रात्री वाढते.

ही ॲलर्जी तयार व्हायला पहिल्या खेपेस चार ते सहा आठवडे लागतात. या काळात अजिबात न खाजणारा माणूस दुसऱ्याला खरूज देऊ शकतो, आणि म्हणूनच फक्त खाजवणाऱ्यावर केलेला उपचार वाया जातो. घरातल्या सर्वांनी एकाच रात्री ५ टक्के पर्मेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा लावावे (तान्ह्या मुलांना डोक्यालाही), आठ ते चौदा तासांनी धुवावे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या हा पर्याय आहे. गरोदर स्त्रिया आणि १५ किलोंपेक्षा कमी वजनाची मुले यांना त्या सहसा देत नाहीत. कपडे आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे किंवा पिशवीत तीन दिवस बंद ठेवावे, कारण माणसाच्या अंगाबाहेर किडा त्याहून अधिक काळ सहसा जगत नाही. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते. तेवढ्यावरून उपचार फसला असे समजून औषध पुन्हा पुन्हा थापल्यास त्वचा कोरडी पडून खाज उलट वाढते.

खाजवून झालेल्या जखमांतून स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस आत शिरतात, आणि अशा स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येते. फिजीमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संपूर्ण वस्त्यांना आयव्हरमेक्टिन दिल्यावर वर्षभरात खरजेचे प्रमाण ९४ टक्क्यांनी घटले. त्याबरोबर इम्पेटिगोचे प्रमाणही सुमारे दोन तृतीयांशाने खाली आले, आणि आयव्हरमेक्टिन हे इम्पेटिगोवरचे औषध मुळी नाहीच. ज्या मुलाला मलम संपताच पुन्हा पुन्हा इम्पेटिगो होतो, त्याच्या बोटांच्या बेचक्या म्हणूनच नीट उजेडात तपासाव्यात आणि घरात रात्री आणखी कोण खाजवते, हेही विचारावे.